रतनमावशी आणि कांजिण्यांचा तपास

आमच्या मिहिरला रतनमावशींच्या पाळणाघरात घालून दीड वर्ष झालं, पण मावशींचा आमच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मावशींचा विश्वास कुणावरच बसत नाही. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही, बिल्डिंगच्या लिफ्टवर तर मुळीच नाही. सात मजल्यांच्या इमारतीत त्या पापड वाळत घालायला गच्चीवर जिन्यानं जातात. घरात बुद्ध आणि बाबासाहेब असे दोन फोटो आहेत, तेवढे सोडले तर बाकीचं सगळं जग मावशींच्या लेखी 'बघू' या सदरात मोडतं.

मालाड पश्चिमेला मासळी बाजाराच्या मागे आमची इमारत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मावशींचं पाळणाघर आणि त्यात बारा मुलं. सकाळी नऊला दारात रांग लागते आणि मावशी उंबऱ्यावर पाट टाकून बसतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक शेपटीचा कंगवा. मूल पुढे आलं की आधी कानामागे टॉर्च. मग कंगव्याच्या शेपटीनं केसांत चार-पाच ठिकाणी भांग पाडून टाळू. मग शर्ट वर. पोट, पाठ, काखा. मग "आ कर". विमानतळावर माणसाला एवढं बघत नाहीत. मूल आत गेलं की टॉर्च विझते आणि मावशी आपल्याकडे बघतात. ही तपासणी जास्त कठीण.

"रात्री ताप होता?"

नव्हता.

"सकाळी तापाचं औषध पाजून आणलंय?"

नाही हो मावशी.

"बघू," असं म्हणून त्या मुलाच्या कपाळाला पुन्हा हात लावतात.

अंगावर एखादा लाल ठिपका निघालाच, तर आम्ही आईबाप एका सुरात एकच गोष्ट सांगतो. डास चावला. उपनगरातले आईबाप डासांच्या नावावर जेवढं खपवतात, तेवढं डासांनी जन्मात केलेलं नसतं. मावशींना हे पाठ आहे. एकदा मीच मिहिरच्या पोटावरच्या घामोळ्याला डास म्हणालो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मिहिरचे पप्पा, बनियन वर करून चावायला डासाला हात आहेत का?"

सगळं एका जाड वहीत जातं. प्रत्येक मुलाला एक पान. 'जान्हवी, उजव्या कोपरावर खरचटलं, घरून आलेलं.' यातलं 'घरून आलेलं' महत्त्वाचं. आम्हा पालकांमध्ये ती वही 'चार्जशीट' म्हणून ओळखली जाते.

या संशयाला कारण आहे. मावशी मूळच्या चिखलीकडच्या, बुलडाणा जिल्ह्यातल्या. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना गावात गोवराची साथ आली आणि त्यांच्या धाकट्या भावाला, लहूला, गोवर निघाला. गावानं ठरवलं, देवी आली. मग देवीची मर्जी सांभाळणं सुरू झालं. दाराला कडुलिंब, घरात फोडणी बंद, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. लहूचा एक कान फुटून वाहायला लागला, तोही देवीच्याच खात्यावर गेला. लहूमामा आज पन्नाशी ओलांडलेले आहेत, चिखलीला टायरचं दुकान चालवतात आणि फोनवर इतक्या जोरात बोलतात की पाळणाघरातली निजलेली मुलं उठतात. एका कानानं ऐकू येत नाही. मावशी म्हणतात, "मर्जी देवीची राखली आणि कान लहूचा गेला." लग्न होऊन मालाडला आल्यावर त्यांनी एका दवाखान्यात बावीस वर्षं आया म्हणून काम केलं. तिथून त्या दोन गोष्टी शिकून आल्या. आजार लपवला की वाढतो, आणि माणूस आजार लपवतोच.

तर यंदा मार्चच्या चार तारखेला मिहिर पाटासमोर उभा राहिला, शर्ट वर गेला आणि टॉर्च एका जागी थांबली.

मी सवयीनं म्हणालो, "डा..."

"इकडे या," मावशी म्हणाल्या. "बघा. लाल वाटोळं, आणि त्याच्यावर पाण्याचा थेंब. अळवाच्या पानावर थरथरतो तसा. हा एक पोटावर, हा टाळूवर, हा कानामागे. घरी न्या. कांजिण्या आहेत."

मी विचारलं, तीन ठिपक्यांवरून कसं कळलं. त्या म्हणाल्या, उद्या बघा, एकाच पोटावर तीन तऱ्हेचे दिसतील. काही नुसते लाल, काही पाणी भरलेले, काही सुकून खपली धरलेले. एक लाट जाते, दुसरी येते. सगळ्या फोडांची खपली धरल्याशिवाय पोराला दारात आणायचं नाही, आणि पोटुश्या बाईच्या किंवा तान्ह्या बाळाच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. मग वही उघडली आणि मला विचारलं, "लस?"

लशीचा एक डोस झाला होता. दुसरा राहिला होता. तो द्यायला न्यायचं माझ्याकडे होतं. माझी बायको नमिता याबद्दल त्या दिवशी काहीच बोलली नाही. तिनं फक्त लशींची फाइल जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, त्या पानावर उघडून, आणि ती फाइल पुढे आठ दिवस तिथेच होती. मी तिच्या शेजारी ताट ठेवून जेवलो.

दुसऱ्या दिवशी पोटावर तीन तऱ्हेचे फोड दिसले. त्याच दिवशी जान्हवीला निघाल्या. आणखी एका दिवसानं दोघांना. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी फक्त सुप्रभात आणि डब्याचे फोटो येत, तिथे मुलांच्या पोटांचे फोटो यायला लागले. सगळे सगळ्यांकडे संशयानं बघू लागले. कोणी दोन दिवस काहीच टाकलं नाही, की ते नक्की काहीतरी लपवतायत. मला स्वतःला मानेवर खाज सुटायला लागली. गावी आईला फोन करून मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का ते विचारलं. ती म्हणाली, तुला झाल्या होत्या की तुझ्या दादाला, ते काही आता सांगता यायचं नाही, पण पोराला अंघोळ घालू नका.

संध्याकाळी मावशी वर आल्या, त्यांनी हे ऐकलं आणि बादलीत कोमट पाणी काढायला सांगितलं. अंघोळ घालायची, पण चोळायचं नाही, पुसतानाही टॉवेल नुसता टेकवायचा. कडुलिंबाचा पाला आईच्या समाधानासाठी पाण्यात टाका म्हणाल्या, पानांशी माझं वैर नाही. नखं मात्र त्यांनी स्वतः कापली, कारण मी कापलेली त्यांना पटली नसती. सुती, सैल कपडे. खाज आली की डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी लोशन. तोंडात फोड आले म्हणून दोन दिवस मऊ भात, ताक, थंड खीर. तापाला डॉक्टर सांगतील तेच औषध, सांगतील तेवढंच. मोठ्या माणसांच्या डोकेदुखीची गोळी मोडून द्यायची नाही म्हणजे नाही. हे सांगताना त्यांनी आमच्या औषधांचा डबा उघडून आतल्या गोळ्या उलटसुलट करून बघितल्या, आणि दोन पाकिटं काढून फ्रिजच्या वर ठेवली. आमच्या हाताला लागू नयेत म्हणून.

आणि मग त्या तपासाला लागल्या.

कांजिण्या अंगात शिरल्यावर दिसायला दोन आठवडे लागतात, कधी तीन. मावशींनी वही उलटी मोजत नेली. चार मार्चपासून मागे चौदा दिवस, एकवीस दिवस. फेब्रुवारीच्या मधल्या पानांवर बोट थांबलं. 'अबोली. दहा ते सतरा, गैरहजर. ताप, असं आजी म्हणाली.' त्या 'असं आजी म्हणाली'खाली तेव्हाच एक रेघ मारलेली होती.

अबोली चार वर्षांची, मढच्या कोळीवाड्यातली. बाप बोटीवर. आई, कल्पिता, मढच्या बंगल्यांत ज्या मालिकांची शूटिंगं चालतात तिथे मेकअपला. आजी, कृष्णाबाई, आमच्याच बाजारात मासे विकते. सकाळी बसनं येताना नातीला घेऊन यायची, पाळणाघरात सोडायची आणि टोपली घेऊन पुढे जायची. आजी गेली की अबोली रडायची आणि रडायला लागली की मावशी तिला कडेवर घ्यायच्या. बाकीच्या अकरा जणांना हा मान नव्हता. मिहिर घरी येऊन तक्रार करायचा की अबोली नेहमी वरच असते.

मावशींनी चष्मा बदलला आणि अठरा फेब्रुवारीचा, अबोली परत आली त्या दिवसाचा, ग्रुपवरचा फोटो मोठा करून बघितला. मग मला दाखवला. "काय दिसतंय?"

मला अबोली दिसत होती.

"बाकी पोरांची तोंडं बघा. शेंबूड, माती, चिक्कीचा गूळ. आणि हिचं बघा. चार वर्षांच्या पोरीचं तोंड एवढं गुळगुळीत असतं का?"

दुसऱ्या दिवशी मावशींच्या निरोपावरून आजीऐवजी कल्पिता अबोलीला घेऊन आली तेव्हा मावशींनी टॉर्च बाजूला ठेवली आणि ओला रुमाल काढला. गालावरून फिरवला, कपाळावरून फिरवला. रुमालावर काहीच आलं नाही, महिना होत आला होता. पण गालावर एक आणि कपाळावर दोन, मसुराएवढे खळगे पडले होते. नवीन, गुलाबी. मावशी कल्पिताकडे बघत राहिल्या. बाकी काही विचारावं लागलं नाही.

कल्पितानं सांगून टाकलं. कांजिण्याच होत्या. पोटावरच्या सगळ्या सुकून गेल्या होत्या, पण चेहऱ्यावर उशिरा आलेल्या तीन ओल्या राहिल्या होत्या, आणि तिच्या सुट्ट्या संपल्या होत्या. सेटवरून तिला सांगून टाकलं होतं, उद्या आली नाहीस तर दुसरी बघू. मग तिनं पोरीच्या गालाला तेच लावलं जे ती हिरॉइनच्या पिंपल्सना लावते. दोन घट्ट वेण्या घातल्या, कपाळावर केस आणले. जो रंग मोठमोठ्या दिव्यांसमोर बारा तास टिकतो, तो मावशींच्या टॉर्चपुढे काय हार मानणार.

एवढ्या वर्षांत मावशींच्या पाटावरून पहिल्यांदा कुणी खोटं पास करून नेलं होतं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "उद्यापासून आणू नकोस."

"मावशी, आता तर बरी झालीये ती."

"तिचा प्रश्न नाहीये."

आणि आम्ही पालक, खोटं कशाला बोलू, मनातून सुखावलो. आरोपी सापडला होता. ग्रुपवर अंगठे उठले. त्यात माझाही एक होता.

त्या आठवड्यात मी मासे आणायला गेलो तर कृष्णाबाईंच्या मागे, बर्फाच्या खोक्याला टेकून अबोली बसलेली. पायाखाली ओलं, हातात कोलंबीची मिशी. कल्पितानं सेटवर चार दिवसांची मुदत मागितली होती. त्यात पोरीची सोय झाली नाही तर काम जाणार होतं. मढला घरी थांबायला कुणी नव्हतं आणि दुसरं पाळणाघर घ्यायला तयार नव्हतं, कारण मालाडमध्ये अशा बातम्या माशांच्या वासापेक्षा लवकर पसरतात. मी बोंबील घेतले आणि त्यांच्याकडे न बघता निघालो. कृष्णाबाईंनीही मला ओळखलं नाही. दहा वर्षं त्यांच्याकडूनच घेतोय.

संध्याकाळी कृष्णाबाई पाळणाघराच्या दारात आल्या. पाट नव्हता, टॉर्च नव्हती. मी मिहिरची चित्रांची वही न्यायला खाली गेलो होतो म्हणून ऐकलं.

"माजे सुनेनं झाकलं," त्या म्हणाल्या, "ती तिची चूक. तिला मी बोलले. पन तू मना एक सांग गो रतन. माजे नातीनं सगल्यांना दिल्या. नातीला कोनी दिल्या?"

"तुमच्याकडे कुणाला तरी झाल्या असतील."

"कोलीवाड्यात एकाला नाय. मी घरोघर जाऊन इचारलंय."

"विचारून कोण सांगतं, कृष्णाबाई? आई आली म्हणायचं, दार लावायचं, पाला बांधायचा. तुम्ही लोक झाकता."

कृष्णाबाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "आमी आई म्हनतो. म्हनतो त्ये मोट्यानं म्हनतो. दाराला पाला बांदतो, सगल्या गावाला दिसतो. झाकायचं आसतं तर पाला कशाला बांदला आसता?"

आणि गेल्या. मावशी बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, उत्तर सुचत नाहीये. आता वाटतं, सुचत होतं.

सहाव्या दिवशी मिहिरच्या पाठीवरचा एक फोड सुकेना. संध्याकाळी मावशींनी बोट लावलं आणि बोट तिथंच ठेवलं. "हा गरम लागतोय. भोवती लाल पसरलंय, आत पिवळं आहे. खाजवलाय यानं. आत्ता डॉक्टरकडे चला." पण आधी फोन करायला लावला. रांगेत कुणी पोटुशी बाई बसली असली तर? डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शेवटी, बाजूच्या दारानं यायला सांगितलं. मावशी बरोबर आल्या. डॉक्टर नीट बघतात की नाही ते बघायला.

डॉक्टरीणबाईंनी नीट बघितलं. फोड पिकला होता, औषध लिहून दिलं आणि वेळेवर आणलंत म्हणाल्या. ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही, मूल गुंगीत गेलं, श्वास जोरात चालला किंवा उलट्या थांबेनात तर वाट बघायची नाही, असंही सांगितलं. मावशी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या, परीक्षक डोलावतात तशी. शेवटी त्यांनी आपला खटला मांडला. चार मुलांना एका मुलीनं दिल्या. पण त्या मुलीला कुठून आल्या ते तिचे लोक कबूल करत नाहीत. सगळ्या वस्तीत कुणाला नाही म्हणतात. आता असं कसं होईल?

"होऊ शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटंच बोलत असतील असं नाही. तिच्या आसपास कुणा मोठ्या माणसाला नागीण झाली होती का?"

मावशींनी मान डोलावली नाही.

डॉक्टरीणबाई पुढे समजावून सांगत राहिल्या. ज्याला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, त्याच्या अंगात तो विषाणू झोपून राहतो. वय झालं, थकवा आला, की उठतो आणि नागीण होऊन बाहेर पडतो. कमरेला नाहीतर पाठीला, एकाच बाजूला पट्टा. त्या फोडांचं पाणी लागलं तर ज्या मुलाला आधी झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होतात. फोड झाकलेले असले, मूल अंगाला लागलं नाही, तर धोका कमी. "एखादी आजी वगैरे, मुलीला खूप घेणारी?"

मावशी म्हणाल्या, "विचारते." एवढंच. टॉर्च पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन दोनदा लावली.

रिक्षात मिहिर माझ्या मांडीवर झोपला. एस. व्ही. रोडला सिग्नलवर आम्ही थांबलो. मावशी बाहेर बघत होत्या. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मिहिरचे पप्पा, मला झाली होती नागीण. जानेवारीत. डाव्या कमरेला."

त्या सांगत गेल्या. तेवीस जानेवारीला आग व्हायला लागली, मग पट्टा उठला. डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. कुरारला एक म्हातारबाबा आहेत, ते नागिणीला गेरू लावतात. फोडांच्या दोन्ही टोकांना लाल रेघ मारतात, कुंपण घालतात तशी, म्हणजे तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटत नाही. भेटलं तर माणूस जातो, असं मावशींच्या आईनं सांगितलेलं. तिथे त्या पाच दिवस, पाळणाघर सुटल्यावर, तोंडाला रुमाल बांधून गेल्या. रुमाल कुणी ओळखू नये म्हणून.

"बावीस वर्षं दवाखान्यात काढली," त्या म्हणाल्या. "किती बायांना ओरडले असेन, देवीबिवी काही नसतं, डॉक्टरकडे जा म्हणून. आणि माझ्यावर वेळ आली तर गेरू. कोणत्या तोंडानं सांगणार होते? वर साडी नेसली की दिसत नव्हतं. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनाला अबोली अख्खा वेळ कडेवर होती. डाव्या."

मी हिशेब केला. सव्वीस जानेवारी, दहा फेब्रुवारी. पंधरा दिवस. मावशींनी तो दवाखान्यातच केलेला असणार.

आता मी जे म्हणालो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "मावशी, झालं ते झालं. आता नागीण सुकली. कुणाला कळणारे? अबोलीला परत घ्या आणि सोडून द्या. पाळणाघराचं नाव..."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, सकाळी बघतात तसं.

"कल्पितानं पण हेच म्हटलं असेल स्वतःशी," त्या म्हणाल्या. "रंग लावताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजारात बरोबर नेलं. साक्षीदार म्हणून, असं मी समजतो. काखेत वही होती. कृष्णाबाई सुरमई कापत होत्या, आजूबाजूला पाच-सहा कोळणी, गिऱ्हाइकं, मागे खोक्यावर अबोली. मावशींना आवाज खाली ठेवता आला असता. त्यांनी ठेवला नाही.

"कृष्णाबाई, तुमच्या नातीला माझ्याकडून झाल्या. मला नागीण होती. मी लपवली."

कोयता सुरमईत अर्ध्यावर थांबला. शेजारची एक कोळीण गिऱ्हाईक सोडून वळली.

कृष्णाबाईंनी विचारलं, "लिवलंस?"

"काय?"

"तुजे वयीत. आमचे पोरींचं सगलं लिवतंस. तुजं लिवलंस काय?"

मावशींनी वही उघडून पुढे केली. कृष्णाबाई म्हणाल्या, मना वाचता येत नाय, तू वाच. मग रतनमावशींनी मालाडच्या मासळी बाजारात, गाळ्यांच्या मधोमध उभं राहून स्वतःचं पान वाचलं. "रतन. वय अठ्ठावन्न. तेवीस जानेवारी, डाव्या कमरेला आग, मग पाण्याचे फोड, पट्टा. डॉक्टरला दाखवलं नाही. कुरारला गेरू लावला. मुलांना हात लावायला नको होता. अबोली रोज कडेवर." थोडं थांबून त्यांनी शेवटची ओळ वाचली. "अबोलीचं नाव विनाकारण काढलं."

बर्फ वितळून गटारात टपटपत होता. मग कृष्णाबाईंनी सुरमईचा राहिलेला काप पाडला.

"गेरूनं बरी झालीस?"

"आपोआप बरी झाले."

"गेरू लावून म्हनं डाक्टर," असं म्हणून कृष्णाबाई हसल्या, आणि शेजारची कोळीणही हसली. मावशी हसल्या नाहीत, पण वही मिटली. "उद्या पोरीला आनते," कृष्णाबाई म्हणाल्या. "पन माजी एक अट हाय."

त्याच दुपारी मावशींनी ग्रुपवर आपल्या आवाजात सगळं बोलून टाकलं, दोन मिनिटं सात सेकंद, मध्ये लहूमामांचा फोन आल्याची टुणटुण. यावेळी एकही अंगठा आला नाही. एका घरानं मुलगा काढून घेतला, तो पुन्हा आला नाही. बाकीचे राहिले. का राहिले, तर जी बाई स्वतःचं चार्जशीट बाजारात वाचते तिच्याकडे पोर ठेवायला हरकत नाही, असं नमिता म्हणाली. हे म्हणताना तिनं टेबलावरची लशींची फाइल उचलून माझ्या ऑफिसच्या बॅगेत घातली. कल्पिताचं सेटवरचं काम टिकलं, मुदतीतला एक दिवस शिल्लक असताना.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रांग लागली. मिहिर घरीच होता, त्याच्या खपल्या पडायच्या होत्या, पण मी खाली गेलो. काय होतंय ते बघायला बरेच जण खाली आले होते. मावशी पाटावर बसल्या. कृष्णाबाई अबोलीला घेऊन पुढे आल्या, टोपली खाली ठेवली आणि हात पुढे केला. मावशींनी मुकाट्यानं टॉर्च त्या हातात दिली.

कृष्णाबाईंनी ती तपासणी त्यांना येत होती तशी केली. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "डोले बगू." एक पापणी खाली ओढली, मग दुसरी. कानाची पाळी वर करून मागे बघितलं, माशाचा कल्ला उचलून बघावा तसं. मग मावशींना उभं केलं, पाठ करायला लावली, पदर बाजूला सारून डाव्या कमरेवर टॉर्च मारली आणि तिथल्या तपकिरी डागांवरून अंगठा दाबत नेला. रांगेतली मुलं माना उंचावून बघत होती. आज मावशींची पाळी आहे हे त्यांना कळलं होतं.

"आ कर," कृष्णाबाई म्हणाल्या.

मावशींनी आ केला.

"ताजी हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून कृष्णाबाईंनी टॉर्च परत दिली आणि टोपली डोक्यावर घेतली. आता हे रोज होतं. सोमवार ते शनिवार, नऊ वाजता, आधी मावशी, मग मुलं. वहीत मावशींच्या पानावर तारीख पडते आणि पुढे कृष्णाबाईंचा अंगठा.

त्या दिवशी आजी वळल्यावर अबोली नेहमीप्रमाणे रडायला लागली. मावशींनी तिला उचललं. डाव्या कडेवर घेता घेता थांबल्या आणि उजव्या कडेवर घेतलं. मग ओला रुमाल काढून तिच्या दोन्ही गालांवरून, कपाळावरून फिरवला आणि रुमाल उजेडात धरून बघितला.

उलटा करूनही बघितला.